दाराला लावलेला लिंब

माझी धाकटी बहीण सुजाता तीन वर्षांची असताना तिला उसाच्या फडावर गोवर आला. आमच्यासाठी फड म्हणजे सहा महिन्यांचं गाव. दिवाळी सरली की भांडी, गोधड्या, दोन कोंबड्या आणि आम्ही लेकरं ट्रॉलीत भरून आई आणि दादा, म्हणजे वडील, निघायचे, ते पाडव्याच्या मागंपुढं परतायचे. तामलवाडीकडचं आमचं घर तोवर बंद. फडावर पाचटाची कोपी आणि तिच्या तोंडाला दाराऐवजी पोतं. आई-दादा पहाटे कोयते घेऊन गेले की दिवस मावळल्यावरच दिसायचे. मधल्या सगळ्या वेळात सुजाताची आई मीच. मी सात वर्षांची होते.

आधी ताप आला, मग खोकला, मग डोळे चुलीच्या धुरात बसल्यासारखे लाल झाले. चौथ्या दिवशी कानामागं पुरळ उठलं आणि शेजारच्या कोप्यांतल्या बाया जमा झाल्या. बाई आल्यात, म्हणाल्या. बाई म्हणजे देवी. लिंबाचा डहाळा लावा, फोडणी बंद करा, लेकराला अंधारात ठेवा, पाणी घोटभरच पाजा आणि औषधाला हात लावू नका, गोवर आत जिरतो. आई म्हणाली, आमच्यात हे पाळत नाहीत. खरंच पाळत नव्हते. माझ्या आज्जानं धम्म घेतला तेव्हा घरातले देव, टाक, परडी सगळं ओढ्याला सोडून तो मोकळा झाला होता. पण एक म्हातारी आईला म्हणाली, "तू पाळत नसशील. पण त्या तुझ्या लेकरावर आल्या का न्हाय?"

आईनं पोतं खाली ओढलं. तिच्याजवळ धम्म होता, दवाखाना नव्हता.

मला एकच काम दिलं गेलं. पोतं बाजूला होऊ द्यायचं नाही, उजेड आत येऊ द्यायचा नाही. ते काम मी फार चोख केलं. वाऱ्यानं पोतं हललं की मी दोन्ही टोकांवर दगड ठेवायचे. नवव्या दिवशी सुजाताला बाहेर काढलं तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. पांढरं, ज्वारीच्या दाण्याएवढं. नऊ दिवस त्या डोळ्यात कुणी पाहिलंच नव्हतं, कारण पाहायला उजेडच नव्हता.

*

आता चैत्र लागला की आमच्या उपकेंद्राच्या मागचा लिंब फुलतो. कडुलिंब म्हणत नाही आमच्याकडं कुणी, नुसतं लिंब. बारीक पांढरी फुलं ओट्यावर सांडतात, लसीच्या थंड डब्यावर सांडतात, नोंदवहीच्या पानांत जाऊन बसतात. वास गोडसर, पण जीभ लावली तर कडू. कळंबला जाणाऱ्या रस्त्यानं कडब्याच्या गाड्या जात असतात, माळवदावर कुरडया वाळत असतात, आणि एखाद्या दुपारी लांबून ट्रॅक्टर ऐकू येतो. आवाजावरूनच कळतं, टोळी परत आली. ट्रॉलीत वर बसलेली लेकरं आधी दिसतात. गाव त्यांच्याकडं बघतं ते पोरं किती वाढली म्हणून. मी बघते ते कुणाचं नाक वाहतंय, कुणाचे डोळे लाल आहेत म्हणून. ह्याला काही इलाज नाही. शिक्षण एकदा डोळ्यांत गेलं की परत निघत नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठंही सांगते, लाजत नाही. सुजाताच्या डोळ्यानंतर दादांनी मला फडावर नेणं बंद केलं आणि तुळजापूरच्या वसतिगृहात घातलं. पुढं सोलापूरला नर्सिंगची पदवी घेतली, परीक्षा दिली, आणि कळंब तालुक्यातल्या ह्या गावात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झाले. एवढं लांबलचक पद कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून सगळे म्याडम म्हणतात. माझ्याकडं तीन गावं. एक खुर्ची, एक टेबल, औषधांचं कपाट.

दुखण्यांनासुद्धा महिने असतात, हे मला पुस्तकानं नंतर शिकवलं, आईच्या पदरानं आधी. पावसाळ्यात हगवण, थंडीत खोकला आणि घरघर, शाळा भरल्या की गालफुगी, आणि चैत्राच्या आगंमागं अंगावर उठणारं सगळं. घामोळं वेगळं, ते लेकराला नुसतं चिडकं करतं. कांजण्या वेगळ्या, त्यांत पाण्याचे फोड असतात, एक सुकतोय तोवर दुसरा उठतो, आणि लेकरू खाजवत का होईना खेळत राहतं. गोवराचं तसं नसतं. गोवराचं लेकरू खेळत नाही. ते उजेडाकडं पाठ करतं. पुरळ उठायच्या आधी गालाच्या आत मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसतात, ते एकदा ओळखता आले की विसरता येत नाहीत. मग पुरळ येतं ते कानामागून, कपाळावरून, आणि पाणी उतारानं यावं तसं खाली उतरत पायापर्यंत जातं. एवढं सगळं मला पाठ होतं. लोक कसे असतात ते मात्र पाठ नव्हतं.

*

चार वर्षांपूर्वीचा तो माझ्या नोकरीचा पहिला चैत्र. टोळ्या येऊन आठवडा झाला नव्हता आणि एका गल्लीत, गोदामावशींच्या दाराला लिंबाचा डहाळा लटकलेला मी पाहिला. गोदामावशी म्हणजे गावातल्या अर्ध्या बाळंतिणींना न्हाऊ घातलेली बाई. त्यांची सून मनीषा आणि मुलगा कर्नाटकातून ऊस तोडून आले होते, दीड वर्षाच्या परीला घेऊन.

माझ्याबरोबर आशा कार्यकर्ती होत्या, रजियाआपा. त्याच गावच्या, वीस वर्षं त्याच गल्ल्या तुडवलेल्या. त्या माझा हात धरत होत्या, थांब म्हणून. मी थांबले नाही. मला दाराला लिंब दिसला आणि पोतं आठवलं. मी गोदामावशींना म्हटलं की लिंबानं गोवर जात नाही, हे अडाणीपण आहे, आणि हात वर करून तो डहाळा ओढून काढला. वर चार बायांसमोर भाषण दिलं. भाषण चांगलं झालं. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

गोदामावशींनी खाली वाकून डहाळा उचलला, पदरानं पुसला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गावात एकाही दाराला लिंब नव्हता. मला बरं वाटलं. आठवडाभर आम्ही घरोघर फिरलो, कुणाला ताप आहे का, पुरळ आहे का विचारत. सगळीकडं एकच उत्तर, न्हाय म्याडम, समदं बरं हाय. आत कुणी या म्हणत नव्हतं. गोदामावशींच्या दारात मनीषा उभी राहून म्हणाली, परी मामाच्या गावाला गेली. पाठीमागून खोकल्याचा आवाज आला. मी म्हटलं, कोण खोकतंय? ती म्हणाली, शेळी. रजियाआपा वाटेत म्हणाल्या, "शेळीला गोवर झालाय वाटतं."

मी हसले नाही. हसण्यासारखं नव्हतं. कारण एव्हाना नवीन लेकरं आजारी पडायला लागली होती. वरच्या आळीतली, शाळेमागची, जी फडावर गेलीच नव्हती ती. तालुक्याला कळवलं, नमुने गेले, गोवरच निघाला. मला कळेना की दार लावून बसलेल्या घरांतून तो इतक्या लांब जातोय कसा.

ते मला रजियाआपांनी सांगितलं. उपकेंद्राच्या ओट्यावर बसून त्या लसीची कार्डं लावत होत्या. चारचौघांत त्या मला म्याडम म्हणत, एकटं असलं की पोरी.

"पोरी, तुला वाटतंय तू लिंब काढलास," त्या म्हणाल्या. "तू पाटी काढलीस. दाराला लिंब असला की ह्या गावात कुणी लेकरू घेऊन त्या घरात जात न्हाय. पाव्हणा बी बाहेरून परत जातो. पोरं त्या अंगणात खेळत न्हाईत. आमच्या मोहल्ल्यात बी लिंब लावतेत, आमी कुठं बाईला मानतो? पण लावतो. लोकास्नी कळावं म्हणून. आता लिंबच न्हाय, तर कुणाला काय कळणार? समद्यांची लेकरं समद्यांच्या घरात."

पदवीच्या चार वर्षांत मला संसर्ग, विलगीकरण, संपर्क शोधणं सगळं शिकवलं होतं. आणि ह्या गावानं विलगीकरणाची खूण करून दाराला लटकवली होती, ती मी माझ्या हातानं ओढून काढली होती.

त्या दुपारी मी त्यांचे नियम एकेक आठवून पाहिले. बाहेरून आलेल्यानं थेट लेकराजवळ जायचं नाही, पाय धुवायचे, थांबायचं. बरोबर. घरात तळण नाही, फोडणी नाही, म्हणजे खोकणाऱ्या लेकराच्या नाकात ठसका नाही. बरोबर. खाज आली तर नखं लावायची नाहीत, लिंबाच्या कोवळ्या पाल्यानं हळू हळू फिरवायचं. बरोबर. पांढऱ्या स्वच्छ कापडावर निजवायचं. बरोबर. चुकीचं होतं ते पाणी तोडणं, अंधार करणं आणि औषध बंद ठेवणं. निम्म्याहून जास्त नियम माझ्या पुस्तकातलेच होते. मी मात्र दारातच भांडण काढून आत जायची वाट बंद करून घेतली होती. जे तीन नियम लेकराचा जीव घेतात, त्यांच्यापर्यंत मला पोचायचं होतं आणि मी उंबऱ्याबाहेर उभी होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्रामागच्या लिंबाचा एक डहाळा मी तोडला. आज्जा डोळ्यापुढं उभा राहिला. त्यानं आयुष्यभराची भीती ओढ्याला सोडली होती, आणि त्याची पदवीधर नात डहाळा घेऊन निघाली होती. वाटेत लोक बघत होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, म्याडम, तुम्हालाच आल्या काय?

गोदामावशी अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मावशी, चुकलं माझं," मी म्हटलं. "मी काढला होता, मीच लावते."

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "तुमच्यात तर चालत न्हाय म्हणं हे."

त्या 'तुमच्यात' मध्ये काय काय होतं ते मला कळलं. कळून सोडून दिलं. तेवढा वेळ नव्हता.

"आमच्यात नाही चालत. मी पूजेसाठी नाही लावत. बाकीची लेकरं ह्या दारातून आत येऊ नयेत म्हणून लावते. तुम्ही तुमच्यासाठी लावा, मी माझ्यासाठी लावते. डहाळा एकच आहे."

त्यांनी बराच वेळ सुपातला तांदूळ हलवला. मग उठल्या, माझ्या हातातला डहाळा पाहिला आणि म्हणाल्या, "उलटा धरलाय." मी सुलटा केला. त्यांनी खिळा दाखवला. मी लावला. मग त्यांनी माझ्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, थांब जरा, घाम जाऊ दे. अशी मी पहिल्यांदा त्यांच्या घरात गेले.

आतल्या खोलीच्या खिडकीला चादर होती. कोपऱ्यात मनीषा परीला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडं बघून तिला शेळी आठवली असावी, तिनं मान खाली घातली. दुखण्याला आठ दिवस झाले होते. मला लेकरू नीट दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. श्वास भराभर येत होता, धावत आलेल्या माणसासारखा. दीड वर्षाचं झोपलेलं लेकरू धावत आलेलं नसतं.

मी म्हटलं, मावशी, चादरीचं एक टोक उचलते. त्या म्हणाल्या, डोळ्यावर उजेड येईल. मी म्हटलं, डोळेच बघायचेत. माझा हात चादरीपर्यंत गेला आणि थांबला. सात वर्षांची पोरगी अजून दगड ठेवत बसली होती कुठंतरी. मग मीच तिला म्हटलं, सर बाजूला, आणि चादर वीतभर वर केली.

डोळे लाल होते, चिकटले होते, पण बुबुळ स्वच्छ होतं. ओल्या कापसानं पुसले. पुरळ तपकिरी पडायला लागलं होतं, पायाच्या पंजापर्यंत उतरलेलं. कपाळ तव्यासारखं. मी घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. दीड वर्षाच्या लेकराला एका मिनिटात चाळीसच्या आत पाहिजेत. साठाच्या वर होते. आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता.

मला ओरडावंसं वाटलं. उचला हिला, आत्ताच्या आत्ता. पण मी एकदा ओरडून बघितलं होतं. म्हणून मी गोदामावशींना जवळ बोलावलं.

"मावशी, गोवर पूर्ण बाहेर पडला की नाही, कसं ओळखता तुम्ही?"

"तळपायाला आला की पडला समजायचं."

"आला का?"

त्यांनी परीचा पाय हातात घेतला. "कवाच आलाय."

"मग आत जिरायची भीती गेली. पायाला उतरला की ताप उतरतो ना?"

"दुसऱ्या दिवशी उतरतो."

"उतरला का?"

त्यांनी परीच्या कपाळाला हात लावला. मग मी त्यांचा तो हात धरून परीच्या पोटावर ठेवला, बरगड्यांच्या खाली, आणि बोलायचं बंद केलं. खोलीत फक्त तो श्वास. मावशींच्या हाताखाली खळगा पडत होता आणि भरत होता. त्यांनी हजार लेकरं ह्या हातानं न्हाऊ घातली होती. हाताला कळायला वेळ लागला नाही.

"मनीषा," त्या म्हणाल्या, "उठ. ह्यो ताप बाईचा न्हाय. ह्यो डबा हाय."

डबा म्हणजे आमच्याकडचा न्यूमोनिया. डब्याला औषध चालतं. डब्याला कुणाचीच मनाई नाही.

मी तिथंच अ जीवनसत्त्वाचं पिवळं औषध चमच्यानं पाजलं, प्रतिजैविकाचा पहिला डोस दिला, आणि रजियाआपांनी तोवर एकशे आठला फोन लावला होता. गाडी येईपर्यंत मनीषा चमच्या-चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजत होती. परीनं दोन चमचे थुंकले, तिसरा गिळला, मग चमचाच धरून बसली. आठ दिवसांची तहान होती. मनीषा माझ्याकडं न बघता रडत होती आणि पाजत होती.

*

कळंबच्या सरकारी दवाखान्यात परी सहा दिवस राहिली. पहिले दोन दिवस नाकाला ऑक्सिजन. मी रोज उपकेंद्र बंद करून मोटारसायकलवरून जायचे. त्या रस्त्यावरच्या लिंबांचा वास मला अजूनही त्या दोन दिवसांचाच वाटतो, गोड आणि भीतीचा. तिसऱ्या दिवशी गेले तर परी कॉटवर बसून बिस्कीट चुरत होती. कॉटच्या दांडीला लिंबाची काडी बांधलेली. गोदामावशींनी गावाहून ओच्यात आणली होती. वॉर्डातल्या सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं पाहिलं. काडी कुणाला त्रास देत नव्हती. आम्ही दोघींनी ती राहू दिली.

शेजारच्या कॉटवरच्या बाईला मावशी समजावत होत्या, की ताप उतरायच्या दिवशी उतरला नाही तर पोटावर हात ठेवून बघ, खळी पडली की दवाखाना, वाट बघायची नाही. माझ्या भाषणापेक्षा ते कितीतरी चांगलं होतं. त्यात अडाणी हा शब्द नव्हता.

गावात तोवर रजियाआपांनी काम उरकलं होतं. मारुतीच्या देवळाच्या स्पीकरवरून आणि मशिदीच्या भोंग्यावरून एकच निरोप गेला. ज्याच्या घरी लेकराला पुरळ आहे त्यानं दाराला लिंब लावावा, म्याडम काढणार नाहीत. म्याडम काढणार नाहीत, हे दोन्हीकडून दोनदा सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीत गेले तर दारोदार हिरवं. एवढी दारं असतील असं मला वाटलं नव्हतं. मी प्रत्येक दारात पाय धुऊन घेतले, घाम जाऊ दिला, मग आत गेले. लाल डोळे, श्वास, पोटावर हात. पिवळं औषध आज आणि उद्या. अंगावरचं दूध तोडायचं नाही, पाणी मागेल तेवढं. चादर वीतभर वर. ज्या दारांना लिंब नव्हता, तिथल्या राहिलेल्या लेकरांना त्याच आठवड्यात लस टोचली.

त्या दिवसांत दादांचा फोन आला. सुजातानं त्यांना सांगितलं होतं, तुमची शिकलेली पोरगी लिंब लावत फिरतीय.

"देवीसाठी लावलास का लेकरासाठी?" त्यांनी विचारलं.

"लेकरासाठी."

"मग लाव."

फोन सुजातानं घेतला. ती आता ब्लाउज शिवते, तिच्या हाताची शिलाई तामलवाडीपर्यंत नावाजलेली आहे. तिला मी परीचं सगळं सांगितलं, चादरीचं, डोळ्यांचं. तिच्याशी त्या फडावरच्या दिवसांवर मी कधीच बोलले नव्हते. ह्या वेळी बोलले. म्हटलं, पोतं मी धरून ठेवलं होतं गं. ती म्हणाली, "लई मोठी होतीस व्हय तवा तू? सात वर्षांची डॉक्टरीण. गप बस. एका डोळ्यानं सुई ओवते मी, तुला दोन्हींनी ओवता येत न्हाय." मग तिनं विचारलं, "त्या पोरीचे दोन्ही डोळे नीट हायेत ना?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, बरं झालं, आणि फोन ठेवला. कुणाचं तरी माप घ्यायचं राहिलं होतं.

*

मी ह्या सगळ्यावर पुष्कळ विचार करते. शिकलेलं माणूस गावात येतं तेव्हा त्याच्या हातात एक दिवा असतो हे खरं. पण तो दिवा लोकांच्या तोंडावर धरला की लोक डोळे मिटून घेतात. गोवराच्या लेकरासारखे. दिवा खाली धरावा लागतो, पायाजवळ, म्हणजे दोघांनाही वाट दिसते. हे मला पदवीनं शिकवलं नाही. पण पदवी नसती तर श्वास मोजता आले नसते, हेही तितकंच खरं. मी पदवीला नावं ठेवणाऱ्यांतली नाही. ती मिळवायला आमच्या घराच्या दोन पिढ्या वाकल्या आहेत.

लिंब लावणं ही पहिली पायरी झाली. लिंब लावायची वेळच येऊ नये, हे खरं काम होतं, आणि ते चैत्रात करून भागत नाही. ते दिवाळीच्या आधी करावं लागतं. आमच्या लेकरांना लस चुकते ती आईबाप नको म्हणतात म्हणून क्वचितच. नववा महिना भरतो तेव्हा लेकरू फडावर असतं, दुसऱ्या डोसाची वेळ येते तेव्हा पुन्हा फडावर. मी आणि रजियाआपा दसऱ्यापासून यादी करायला बसतो. कोण कुठल्या टोळीत, कुठल्या कारखान्याला, कुठल्या महिन्यात कुणाचा डोस. मुकादमांचे नंबर घेतो. पहिल्या वर्षी एक मुकादम म्हणाला, म्याडम, मी ऊस तोडायला माणसं नेतो, सुया टोचायला न्हाय. गोदामावशी तिथंच बसल्या होत्या. त्यांनी त्याला विचारलं, तुला न्हाऊ कुणी घातलं रे? तो मुकादम आता स्वतःहून फोन करतो.

कार्ड प्लास्टिकमध्ये घालून आईच्या हातात द्यायचं, आणि सांगायचं की कुठल्याही राज्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात हे दाखव, विचारायला लाजू नको. मनीषाला आता परीच्या पाठीवर मुलगा आहे. तो नऊ महिन्यांचा झाला तेव्हा ती कर्नाटकात फडावर होती. एका दुपारी तिचा फोन आला. फडापासून चालत जाऊन लस देऊन आली होती. तिथली सिस्टर कानडी बोलत होती. मी विचारलं, मग कळलं कसं तुला? मनीषा म्हणाली, "भाषा न्हाय कळली, पर सुई कळली. म्या कार्ड पुढं केलं, तिनं हसून दंड धरला." मागं तो पोरगा भोकाड पसरून रडत होता. मी फोन कानाला लावून ते रडणं पुष्कळ वेळ ऐकलं. छाती भरून घेतलेला मोठा, स्वच्छ श्वास, आणि त्याच्या शेवटाला आरोळी.

परवा शेवटची टोळी परत आली. रजियाआपा आणि मी यादी घेऊन ट्रॉलीजवळ उभ्या होतो. बायांनी उतरायच्या आधीच कार्डं काढून हातात दिली. आम्ही एकेक नाव वाचलं, एकेक डोस तपासला. यंदा आमच्या तिन्ही गावांतून फडावर गेलेलं एकही लेकरू लसीवाचून परत आलं नाही.